सर्व्हिसिंग होऊन आलेलं इंजिन जाम झालं. दोष कोणाचा धरायचा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: वडिलांनी उभा केलेला मालवाहतुकीचा धंदा आता मुलगी सांभाळते. तीन ट्रक, तीन ड्रायव्हर. तिचं शिक्षण हिशेबातलं. “यंत्रातलं मला ओ की ठो कळत नाही,” असं ती लिहिते, आणि म्हणूनच तिन्ही गाड्या कायम कंपनीच्या अधिकृत डीलरकडे सर्व्हिसिंगला पाठवते. त्यातली सर्वांत नवी, अजून वॉरंटीत असलेली गाडी ऑइल आणि फिल्टर बदलून परत आली. दुसऱ्याच दिवशी भरल्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला आणि काही वेळातच इंजिन जाम झालं. गाडी ओढून पुन्हा त्याच डीलरकडे नेली आहे. सर्व्हिस मॅनेजर म्हणतो, “फिल्टरला रस्त्यावरचा दगड लागला असणार, आणि दिवा लागल्यावरही तुमच्या माणसाने गाडी दामटली.” ड्रायव्हर वडिलांच्या वेळेपासूनचे, ती त्यांना काका म्हणते. काका म्हणतात, दिवा दिसला तशी गाडी बाजूला घेतली. धाकटा भाऊ म्हणतो, नुकसान काकांच्या पगारातून कापायचं. डीलरला इंजिन खोलण्यासाठी, खर्च आपल्याकडे घेत असल्याच्या कागदावर तिची सही हवी आहे. डीलरशी वाजलं तर वॉरंटी जाईल, उरलेल्या दोन गाड्यांचं काय होईल, ही धास्ती. तिचा प्रश्न: मी विश्वास कोणावर ठेवू?

ताई,

विश्वासाच्या प्रश्नाकडे मी येणारच आहे. पण त्याआधी एक काम आजच्या आज करा. त्या कागदावर सही करू नका. डीलरला लेखी कळवा (ई-मेल चालेल, मेसेज चालेल, पण लेखी) की मी किंवा मी नेमलेला माणूस समोर असल्याशिवाय इंजिन खोलू नये, ऑइल फिल्टर काढू नये, चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात) उरलेलं ऑइल सोडू नये, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड (बिघाडाच्या नोंदी) पुसू नयेत. निघालेला प्रत्येक भाग तुमच्या ताब्यात मिळावा, हेही त्यातच लिहा.

एवढी घाई अशासाठी की तुमच्या तिढ्याचं उत्तर आज तरी त्या इंजिनातच आहे. एकदा फिल्टर काढून टाकला, ऑइल सोडलं, खालून पाण्याचा फवारा मारून इंजिन धुतलं, की मागे उरतात फक्त दोन माणसांचे शब्द. आणि शब्दाला शब्द लागला की ज्याच्याकडे लेटरहेड आहे त्याचा शब्द जड होतो. काकांकडे लेटरहेड नाही.

तर फिल्टर उतरवताना काय बघायचं ते नीट सांगते, म्हणजे तिथे उभं राहिल्यावर तुम्हाला कोणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

डब्यासारखा फिरवून बसवायचा जो फिल्टर असतो, त्याच्या तोंडाशी एक रबरी रिंग असते. जुना फिल्टर काढताना कधी कधी ती रिंग फिल्टरबरोबर खाली येत नाही. उष्णतेने चिकटून ती वर, इंजिनाच्या बैठकीवरच राहते. काळ्या ऑइलात काळी रिंग, दिसतही नाही. बोट फिरवून बघावं लागतं. ते राहून गेलं आणि नवा फिल्टर तसाच चढवला, की रिंगवर रिंग बसते. डीलरच्या आवारात मोकळी गाडी पाच-दहा मिनिटं चालू ठेवली तरी कदाचित थेंबही पडणार नाही. पुढे सकाळी थंड इंजिन सुरू करताना घट्ट ऑइलाचा दाब चढतो, किंवा भरली गाडी चढाला लागते, तेव्हा त्यातली एक रिंग जागेवरून सरकते आणि चेंबरमधलं ऑइल बघता बघता रस्त्यावर जातं. फिल्टर काढल्यावर दोन रिंगा निघाल्या, तर दगडाची गोष्ट तिथेच मिटली.

रिंग एकच निघाली तर ती कशी दिसते ते बघा. एका बाजूने कापलेली, दुमडलेली असेल तर बसवतानाच बिघडली असण्याची शक्यता मोठी. फिल्टर हाताच्या हलक्या जोराने फिरला तर तो घट्टच केलेला नव्हता. आणि डब्यावर खरोखरच खोल खड्डा असेल, तिथला रंग उडून पत्रा फाटलेला असेल, तर दगड लागला हे मान्य करायची तयारी तुम्हीही ठेवा. काही मोठ्या इंजिनांत डबा नसतो, झाकण उघडून आतला कागदी फिल्टर तेवढा बदलतात. तिथे झाकणाची ओ-रिंग नवी टाकली की जुनीच वापरली, हे बघायचं. शेवटी चेंबरच्या तळाचा ड्रेन प्लग. त्याच्याखालचा वॉशर चेपून सीलबंद होण्यासाठीच केलेला असतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. प्लगचे आटे घसरलेले असतील तर कोणीतरी तो वाजवीपेक्षा जास्त आवळला असण्याची शक्यता मोठी.

हे सगळं हलवण्याआधी फोटो काढून घ्या. आधी दुरून, गाडीचा नंबर आणि किलोमीटरचा आकडा येईल असे, मग जवळून. चालत्या गाडीत वारा ऑइलाला मागे ढकलतो, त्यामुळे अर्धं इंजिन माखलेलं दिसेल. पण ओलाव्याची सर्वांत पुढची आणि सर्वांत वरची जागा शोधली की गळती बहुतेक तिथूनच सुरू झालेली असते. उरलेल्या ऑइलाचा नमुना स्वच्छ कोरड्या बाटलीत भरून, तारीख घालून, दोघांच्या सह्यांनी बंद करा. तो प्रयोगशाळेत तपासता येतो. ऑइल कोणत्या प्रतीचं होतं, त्यात डिझेल किंवा कूलंट उतरलं होतं का, धातूचा कीस किती आहे, हे त्यातून कळतं.

आता काकांवरचा आरोप.

मॅनेजरच्या वाक्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र बांधलेले आहेत, ते आधी सुटे करा. ऑइल गेलं कशामुळे, हा पहिला. ऑइल गेल्यावर इंजिन किती वेळ चाललं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर वर्कशॉपकडे बोट दाखवणारं आणि दुसऱ्याचं काकांकडे, असंही निघू शकतं. आणि तसं निघालं तरी दुसऱ्यामुळे पहिलं पुसलं जात नाही. ऑइल गेलंच नसतं तर दिवा लागलाच नसता.

दुसऱ्या प्रश्नासाठी कोणाच्या आठवणीवर विसंबायची गरज नाही. आजच्या बहुतेक ट्रकांत इंजिनाचा कॉम्प्युटर ऑइलचा दाब सतत बघत असतो, आणि दाब ठरावीक मर्यादेखाली गेला की नोंद ठेवतो. कोणता फॉल्ट, किती किलोमीटरला किंवा इंजिनाच्या किती तासांना आला, तेव्हा वेग काय होता. किती तपशील मिळेल ते मॉडेलवर अवलंबून. गाडीत जीपीएस असेल तर दिवा लागल्यानंतर गाडी किती अंतर गेली ते त्याच्याशी ताडून बघता येतं. हा डेटा तुमच्यासमोर काढायला सांगा आणि त्याची प्रत लगेच घ्या.

तो वाचताना एक ध्यानात ठेवा. इंजिनाचे बेअरिंग आणि क्रँक (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) यांच्यात ऑइलाचा अगदी पातळ थर असतो, धातूला धातू लागत नाही तो त्याच्यामुळे. दाब गेला की हा थर फार वेळ टिकत नाही, आणि भरल्या गाडीत तर आणखीच कमी. म्हणजे “इंजिन जाम झालं, अर्थात ड्रायव्हर बराच वेळ चालवत राहिला” हा तर्क चुकीचा आहे. भरलेला ट्रक मधल्या लेनमधून सुरक्षितपणे कडेला आणायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यातही इंजिनाचं भरून न येणारं नुकसान होऊ शकतं. काकांनी जागच्या जागी रस्त्यात गाडी उभी केली असती तर कदाचित इंजिन वाचलं असतं, आणि मागून कोणी येऊन धडकलं असतं.

काकांशी बोलताना “थांबला का नाहीत?” असं विचारू नका. त्या प्रश्नात निकाल आधीच लावलेला आहे. दिवा लागला तेव्हा कुठे होता, आवाज बदलला होता का, गाडीची ताकद आपोआप कमी झाली का (काही इंजिनं दाब गेला की स्वतःच ताकद कमी करतात किंवा बंद पडतात), बाजूला घ्यायला जागा कुठे मिळाली, असं क्रमाने विचारा आणि ते सांगतील तसं लिहून काढा. आणि एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारा, तुमच्या भावालाही विचारा. यापूर्वी कधी दिवा लागला म्हणून, आवाज आला म्हणून ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि माल उशिरा पोचला, तेव्हा आपल्याकडून त्याला काय ऐकायला मिळालं होतं? शाबासकी मिळाली असेल तर उत्तम. बोलणी खावी लागली असतील, तर दिव्याकडे काणाडोळा करायला त्याला आपणच शिकवलं. मग काही अंतर गाडी पुढे गेली असली तरी तो एकट्या काकांचा दोष राहत नाही.

पगार कापायची भावाची सूचना मला पटत नाही, आणि हे मी ठामपणे सांगते. तपासणी व्हायची आहे, कारण ठरायचं आहे, आणि या सगळ्यात जो सर्वांत कमी बोलू शकतो त्याच्याकडून वसुली सुरू करायची? त्यात तुमचंही नुकसान आहे. तुम्ही ड्रायव्हरचे पैसे कापले हे कळलं की डीलर म्हणेल, मालकानेच दोष मान्य केला. आणि उरलेले दोन ड्रायव्हर यापुढे दिवा लागला की तुम्हाला फोन करण्याआधी दहा वेळा विचार करतील.

आता विश्वासाचा प्रश्न. त्यासाठी तुमच्या पत्रात जे गृहीत धरलेलं आहे त्याबद्दल बोलू. अधिकृत डीलर म्हणजे चूक होणार नाही, असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, पण पत्रभर ते आहे. अधिकृत डीलरकडे मूळ सुटे भाग मिळतात, कंपनीची माहिती आणि खास हत्यारं असतात, आणि चूक झाली तर जबाबदार धरता येईल असं नाव-पत्ता असतो. हे मोलाचं आहे, म्हणून तिथे जाण्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण फिल्टर घट्ट करणारा हात माणसाचाच. एकाने ऑइल सोडायला लावलं, तेवढ्यात त्याला दुसऱ्या गाडीकडे बोलावलं, पाळी बदलली, उरलेलं काम दुसऱ्याने हाती घेतलं. पहिल्याला वाटतं तो बघेल, दुसऱ्याला वाटतं याने बघितलं असेल. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या गाड्या बाहेर काढायचा दट्ट्या असतोच. रोजची कामं यातच बिघडतात. अवघड कामाला माणूस मॅन्युअल उघडतो. ऑइल बदलायला कोणी उघडत नाही.

10 जून 1990 रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या प्रवासी विमानाची पुढची काच सुमारे 17 हजार फुटांवर निखळून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवलं, सहवैमानिकाने विमान उतरवलं, कॅप्टनसह सगळे वाचले. चौकशीत काय निघालं? ती काच उड्डाणाच्या थोडंच आधी बदलली होती, आणि 90 पैकी 84 बोल्ट हव्या त्यापेक्षा किंचित कमी जाडीचे होते. काम करणारा नवखा नव्हता. पाळीचा प्रमुख, अनुभवी माणूस, रात्रीच्या वेळी, जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून त्याने नवे बोल्ट उचलले होते. आणि त्याचं काम दुसऱ्या कोणी तपासावं असा नियम त्या कामाला लागू नव्हता.

हे सांगते ते वर्कशॉपला माफ करा म्हणून नाही. चूक झाली असेल तर भरपाई पुरती घ्या. पण समोरचा मेकॅनिक कामचुकार होता किंवा त्याने मुद्दाम केलं, असं मनात धरून गेलात तर भांडण माणसाशी होईल आणि मुद्दा बाजूला राहील. तिथे शांतपणे विचारायचं ते हे: काम कोणी केलं, मध्ये कोणी बदललं का, आणि झालेलं काम दुसऱ्या कोणी तपासल्याची सही जॉब कार्डवर (गाडीवर करायच्या कामांची नोंद असलेल्या कागदावर) आहे का?

दुसरं गृहीत तुमच्या स्वतःबद्दलचं आहे. यंत्रातलं कळत नाही म्हणता, पण हिशेब कळतो ना? मग जॉब कार्ड आणि बिल घेऊन बसा. ट्रकच्या मॅन्युअलमध्ये इंजिनात फिल्टरसह किती ऑइल मावतं ते लिहिलेलं असतं. मोठ्या इंजिनांना 30-40 लिटर लागतं, लहानांना त्याहून बरंच कमी. बिलात किती लिटर लावलंय? मॅन्युअलपेक्षा बरंच कमी असेल तर प्रश्न, बरंच जास्त असेल तरी प्रश्न. जास्त ऑइल म्हणजे जादा काळजी नव्हे; पातळी फार वर गेली की फिरता क्रँक ऑइलात आपटतो, फेस होतो, आणि फेसाळलेल्या ऑइलाचा दाब टिकत नाही. ऑइलची प्रत तुमच्या इंजिनासाठी सांगितलेलीच आहे का? फिल्टरचा पार्ट नंबर तुमच्या मॉडेलचा आहे का? ड्रेन प्लगचा वॉशर बिलात आहे का, की लावलाच नाही? जॉब कार्डवर “गिअर ऑइल बदललं” अशी खूण आहे आणि बिलात गिअर ऑइल नाही, असं तर नाही? गाडी आत कधी आली, बाहेर कधी पडली, आणि लिहिलेली सगळी कामं तेवढ्या वेळात होण्यासारखी होती का? हे हिशेब तपासण्याचंच काम आहे, आणि ते बऱ्याच मेकॅनिकांपेक्षा तुम्हाला चांगलं जमेल.

तिसरी तुमची धास्ती, वॉरंटीची. कंपनीची वॉरंटी म्हणजे गाडी बनवताना राहिलेल्या दोषाची हमी. सर्व्हिसिंगमध्ये हाताने झालेल्या चुकीची जबाबदारी वेगळी असते, आणि ती काम करणाऱ्या डीलरची. पुष्कळ वेळा इथेच टोलवाटोलवी होते. डीलर म्हणतो कंपनीला विचारतो, कंपनी म्हणते हा उत्पादनातला दोष नाही. दोन्ही वाक्यं खरी असू शकतात, पण त्याचा अर्थ कोणीच जबाबदार नाही असा होत नाही. म्हणून पत्र एकाच वेळी दोघांनाही पाठवा, डीलरच्या मालकाला आणि कंपनीच्या विभागीय सर्व्हिस कार्यालयाला. तक्रार केली म्हणून वॉरंटी जात नाही. वॉरंटी अडचणीत येते ती वेळेवर सर्व्हिसिंग न केल्याने, चुकीचं ऑइल-इंधन वापरल्याने, परस्पर बदल केल्याने, आणि याच्या नोंदी नसल्याने. वॉरंटीचं पुस्तक कपाटातून काढून एकदा स्वतः वाचा. त्यात काय लिहिलंय हे मॅनेजरच्या तोंडून ऐकू नका.

आता तुमच्यासमोर वाटा कोणत्या?

तपासणीत दोष वर्कशॉपचा निघाला तर बऱ्याचदा डीलर तडजोडीला येतो, आणि ती नीट असेल तर घ्यावी असं माझं मत. गाडी जितके दिवस उभी तितकं तुमचंच बुडतं. पण नीट म्हणजे काय, हे आधी ठरवून जा. नुसते बेअरिंग बदलून, क्रँक पॉलिश करून गाडी हातात देणं पुरेसं नाही. बेअरिंग खाल्लं की त्याचा कीस ऑइलबरोबर सगळीकडे फिरतो, टर्बोत (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यात) जातो, ऑइल कूलरच्या बारीक वाटांत अडकतो. कूलर पुरता धुऊन निघणं कठीण, म्हणून तो बदलून मागा. टर्बो तपासून मागा. झालेल्या कामावर किती महिने किंवा किती किलोमीटरची हमी, ते लेखी हवं. गाडी ओढून आणल्याचा खर्च आणि बुडालेल्या फेऱ्यांची भरपाई वेगळी मांडा. ती पूर्ण मिळेलच असं नाही, पण मागितलीच नाही तर विषयच निघणार नाही. “अर्धा खर्च तुमचा” असा प्रस्ताव आला तर अर्धा कशाच्या आधारावर, ते विचारा. डेटात काकांनी गाडी खरंच लांबवर चालवलेली दिसली तर थोडा वाटा उचलणं न्यायाचं ठरेल. नुसतं प्रकरण मिटावं म्हणून अर्धा उचलू नका.

डीलर तपासणीलाच तयार नसेल, किंवा तुम्ही पोचण्याआधीच इंजिन खोललेलं असेल, तर तेही लेखी नोंदवा आणि त्याच्याशी देणंघेणं नसलेला जाणकार नेमा. नुकसानीची पाहणी करणारा सर्व्हेअर चालेल, ऑटोमोबाइल इंजिनिअर चालेल, एखाद्या मोठ्या वाहतूकदाराच्या वर्कशॉपचा जुना फोरमनही चालेल. अहवाल सहीनिशी देणारा हवा, एवढंच. वकिलाकडे जायची वेळ आली तर त्याला सर्वांत आधी हे विचारा की धंद्याच्या गाडीसाठी तुम्हाला ग्राहक म्हणून दाद मागता येते की वेगळा दावा लावावा लागेल. मार्ग कोणता, ते यावर ठरतं. गाडी सोडवून घेण्यासाठी पैसे भरावेच लागले तर पावतीवर “हक्क राखून, तक्रार कायम ठेवून भरले” असं लिहून सही करा. “काम समाधानकारक” या रकान्यात सवयीने सही करू नका.

उरलेल्या दोन गाड्यांचं काय, तर डीलर लगेच बदलायची गरज मला वाटत नाही. तो या प्रकरणात कसा वागतो ते बघा आणि मग ठरवा. चूक सगळीकडे होते. झालेली चूक उघडी पडल्यावर वर्कशॉप काय करतं, यावर त्याची किंमत ठरते. पण गाडी ताब्यात घ्यायची तुमची रीत मात्र बदला, डीलर कोणताही असो. हे मी तुमच्यासाठी लिहिते तसंच ट्रक बाळगणाऱ्या बाकीच्या वाचकांसाठीही.

गाडी घ्यायला ड्रायव्हरलाच पाठवा आणि त्याला घाई करू नका. इंजिन बंद करून सपाट जागी दहा-पंधरा मिनिटं थांबून त्याने स्वतः ऑइलची काडी बघावी. फिल्टर आणि ड्रेन प्लगच्या खाली कोरडं फडकं फिरवावं. केबिन पुढे झुकवून काम झालं असेल तर केबिनचं लॉक पुरतं बसलंय का, ते हाताने हलवून बघावं, कारण अर्धवट बसलेल्या लॉकवर जोराचा ब्रेक मारला की केबिन पुढे कलंडू शकते. एअर फिल्टर बदलला असेल तर फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या पाइपाच्या क्लिपा तपासाव्यात. यातली एक क्लिप ढिली राहिली तर आवाज होत नाही, दिवा लागत नाही. फक्त न गाळलेली धूळ महिनोन् महिने आत जाते आणि लायनर, पिस्टन रिंगा खाते. मग इंजिन ऑइल प्यायला लागतं आणि लोक म्हणतात, इंजिनच हलकं निघालं. पुढच्या वेळी तो पाइप काढतील तेव्हा आतून बोट फिरवून बघा. फिल्टरपासून टर्बोकडच्या बाजूला बोटाला धूळ लागता कामा नये.

चाकं काढली असतील तर सर्वांत जास्त काळजी तिथे. एअर गनने धडाधड आवळलेला नट घट्ट असतो असं नाही. कधी तो कमी बसतो, कधी इतका आवळतो की स्टडच ताणला जातो. शेवटचा फेरा टॉर्क पान्यानेच (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमधल्या आकड्याला झाला पाहिजे. आणि चाक बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासायचे, कारण रिम आणि हबच्या मधला रंग, गंज, कचरा दबला की आवळ सैल पडतो. नटाखालून गंजाच्या रेघा बाहेर आलेल्या दिसल्या तर गाडी पुढे न्यायची नाही. इंजिन गेलं तर पैसे जातात. सुटलेलं चाक रस्त्यावरच्या कोणाचा तरी जीव घेतं.

युरियाच्या (धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरतात त्या द्रावणाच्या) टाकीत डिझेल किंवा डिझेलच्या टाकीत युरिया पडला, असं वर्कशॉपमध्ये किंवा पंपावर कोणाच्या लक्षात आलं, तर चावीसुद्धा फिरवू नये, इतकंच इथे सांगते. सुरू केलं नाही तर बहुतेक वेळा टाकी रिकामी करून धुण्यावर भागतं. सुरू केलं तर पंप, इंजेक्टर, सगळंच पणाला लागतं.

आणि डीलरकडे जॉब कार्ड लिहितानाच सांगा: बदललेले जुने भाग आणि निघालेला फिल्टर गाडीबरोबर परत हवेत, आणि फिल्टर, ड्रेन प्लग, चाकांचे नट हे काम करणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने तपासून सही करावी. काही ठिकाणी तपासलेल्या नटावर रंगाची रेघ ओढतात, तशी ओढून मागा. ती रेघ मोडलेली दिसली की नट फिरला हे ड्रायव्हरला दुरूनही कळतं. गाडी परत आली की पहिली फेरी शक्यतो जवळची आणि हलक्या मालाची लावा, आणि फेरीनंतर खाली एकदा नजर टाका.

आता क्रम सांगते. आज पत्र पाठवा आणि त्याची पोच घ्या. त्यानंतर, डीलरच्या मॅनेजरला भेटायच्या आधी, काकांकडे जा. पगारातून काही कापलं जाणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगा, त्यांचं म्हणणं लिहून घ्या, आणि फिल्टर उतरवतील त्या दिवशी त्यांना सोबत चला म्हणा. इतकी वर्षं ते ट्रक चालवत आहेत; त्या इंजिनाखाली काय बघायचं हे तुमच्यापेक्षा आणि माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.